एकाच पाइपातून २३० व्होल्ट, कॅमेरा आणि बेलच्या वायरी ओढाव्यात का?

उंबरठा
घराचं वायरिंग नव्याने करून घेतोय. मेन बोर्डापासून फाटकापर्यंत जमिनीखालून २५ मिमीचा पीव्हीसी पाइप आधीपासून आहे. त्यातून फाटकावरच्या दिव्याच्या तीन वायरी जातात: फेज, न्यूट्रल, अर्थ. आता फाटकावर कॅमेरा बसवायचाय, त्यासाठी कॅट ६ (इंटरनेटची) केबल हवी, आणि बेलसाठी १२ व्होल्टची एक जोडी.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, "पाइपात भरपूर जागा आहे, ओढून टाकू, काही होत नाही." माझा भाऊ म्हणतो, "शेजारी लाइट असली की इंटरनेट चालणार नाही." दोघं ठामपणे सांगतात, पण कारण कोणीच देत नाही. वर फरशी बसवून झालीय, दुसरा पाइप टाकायचा तर ती उचकटावी लागेल. म्हणून नुसतं हो-नाही नको, का ते सांगा.

तारयात्री
नको. दुसरा पाइप टाका. फरशी परत बसते.

पक्कड
तारयात्री, निष्कर्षाशी सहमत, पण त्यांनी कारण विचारलंय. सविस्तर लिहितो.

यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला सुरक्षेचा, दुसरा सिग्नलमध्ये होणाऱ्या अडथळ्याचा, तिसरा उष्णतेचा. तुमचा भाऊ दुसऱ्याबद्दल बोलतोय, इलेक्ट्रिशियन पाइपातली जागा बघतोय, आणि पहिल्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. खरा मुद्दा तोच आहे.

घरात वापरायच्या वायरीवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. '४५०/७५० व्होल्ट' किंवा '३००/५०० व्होल्ट' असं काहीतरी दिसेल. पहिला आकडा वायर आणि जमीन यांच्यातल्या व्होल्टेजचा, दुसरा दोन वायरींमधल्या व्होल्टेजचा. दिव्याच्या वायरीचं इन्सुलेशन त्या हिशोबाने बनवलेलं असतं. बेलच्या बारीक जोडीवर बहुतेक वेळा काहीच छापलेलं नसतं. तिच्यावरचं प्लॅस्टिक १२ व्होल्टच्या कामापुरतं, नखाने खरवडलं तरी निघेल इतकं पातळ असतं.

एका पाइपात वायरी आल्या की त्या एकमेकींना चिकटूनच राहतात. मधे जे काही आहे ते फक्त त्यांचं स्वतःचं इन्सुलेशन. म्हणून जगभरच्या नियमांचा गाभा एकच: एका पाइपात वेगवेगळ्या व्होल्टेजच्या वायरी घालायच्या असतील, तर त्यातल्या प्रत्येक वायरीचं इन्सुलेशन पाइपातल्या सर्वांत जास्त व्होल्टेजला पुरेसं हवं. सर्वांत कमकुवत वायरीने सर्वांत मोठा ताण सोसला पाहिजे. तुमची बेलची जोडी त्या कसोटीला उतरत नाही. कॅट ६ सुद्धा विजेची वायर म्हणून बनवलेली नसते.

शून्यप्रवाह
पक्कडकाका, पुस्तकात हे ठीक आहे. आमच्याकडे इंटरकॉमची जोडी आणि लाइटच्या वायरी एकाच पाइपात कित्येक वर्षं आहेत. एकदाही काही झालेलं नाही. उगाच माणसाला फरशी फोडायला लावू नका.

पक्कड
शून्यप्रवाह, झालं नाही हे खरंच असेल. पण झालं तर तुम्हाला कळेल कसं, हे सांगतो, कारण या दोषाचं वाईट तेच आहे.

समजा पाइपाच्या एखाद्या बेंडमध्ये फेजच्या वायरीचं इन्सुलेशन खरवडलंय आणि तिथेच बेलच्या जोडीचंही. तांबं तांब्याला टेकलं. काय होईल? बहुतेकांना वाटतं एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडेल. पडणार नाही. बेलचा १२ व्होल्टचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूने येतो आणि ती बाजू साधारणपणे जमिनीशी जोडलेली नसते, अधांतरी असते. प्रवाहाला परतीची वाटच नाही, म्हणून प्रवाह वाहत नाही. आरसीसीबीलाही (प्रवाह जमिनीत गळला की पुरवठा तोडणाऱ्या स्विचलाही) काही दिसत नाही, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच राहतो. बेल वाजत राहते. फक्त आता ती १२ व्होल्टची अख्खी जोडी जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टला जाऊन बसलेली असते.

मग पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून कोणीतरी बटण दाबतं. बटण १२ व्होल्टचं म्हणून आतली टर्मिनलं उघडी, झाकण साधं, बाहेर एखादा धातूचा स्क्रू. परतीची वाट तो माणूस होतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल आणि चालू स्थितीत असेल तर तेव्हा ती पडेल, पण माणसाला झटका बसल्यावर. नसेल तर पुढचं बोलायला नको.

वर्षानुवर्षं काही झालं नाही याने एवढंच कळतं की अजून तांब्याला तांबं टेकलेलं नाही.

निळीज्योत
हे अधांतरी बाजूचं मला माहीत नव्हतं. मी 'कमी व्होल्टेजची वायर बिनधोक' असंच धरून चालले होते. धन्यवाद काका.

शून्यप्रवाह
पटलं. पण मग इन्सुलेशन खरवडलं जाईलच असं का धरायचं? नवीन वायर, गुळगुळीत पाइप.

तारयात्री
वायर ओढताना कधी हाताने धरून बघितलंय? आधीपासून वायरी असलेल्या पाइपात नवी वायर ओढली की ती जुन्या वायरींवर घासत जाते. बेंडच्या आतल्या बाजूला सगळा दाब एका ठिकाणी येतो. जोर लावला की जुनी वायर तिथल्या तिथे चेपते आणि नवीचं प्लॅस्टिक सोलवटतं. काम झाल्यावर नवी वायर बाहेर आलेल्या टोकाला छान दिसते. मधल्या बेंडमध्ये तिचं काय झालंय ते कोणाला दिसत नाही.

लहरी
भावाच्या मुद्द्यावर लिहिते, कारण तोही अर्धा बरोबर आहे.

शेजारून जाणाऱ्या विजेच्या वायरीचा परिणाम दोन मार्गांनी होतो. प्रवाहामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि व्होल्टेजमुळे दोन वायरींमध्ये धारकासारखा (कपॅसिटरसारखा) दुवा तयार होतो. पण कॅट ६ मधल्या चारही जोड्या पिळलेल्या असतात, प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा. बाहेरून येणारा अडथळा जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, आणि घेणारं यंत्र दोन तारांमधला फरक मोजत असल्याने तो वजा होतो. शिवाय ५० हर्ट्झची गुणगुण आणि कॅट ६ वापरते ते मेगाहर्ट्झमधले सिग्नल यांच्यात प्रचंड अंतर आहे. तेव्हा एका दिव्याच्या वायरीमुळे इंटरनेट बंद पडेल असं मला वाटत नाही. त्रास देतात ते मोटर चालू-बंद होतानाचे झटके, डिमर, वेग बदलणारे ड्राइव्ह आणि हलक्या दर्जाचे एलईडी ड्रायव्हर, कारण त्यांचा गोंगाट वरच्या वारंवारतेपर्यंत जातो.

पण म्हणून 'इंटरनेट चालतंय' हा सुरक्षेचा दाखला होत नाही. केबलमधून चित्र उत्तम येत असताना पक्कडकाकांनी सांगितलेला दोष तिथेच असू शकतो. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

वायरी समांतर न्यायच्याच असतील तर मधे अंतर ठेवा, ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा. समांतर लांबी जितकी जास्त तितका दुवा घट्ट.

गुंजन
लहरीताई, एक भर. जुन्या कोअॅक्सिअल कॅमेऱ्यांच्या चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले की सगळे जण शेजारच्या विजेच्या वायरीला दोष देतात. मी दुरुस्तीची कामं करतो. कितीतरी ठिकाणी खरं कारण वेगळंच निघतं. कॅमेऱ्याकडचं अर्थिंग आणि रेकॉर्डरकडचं अर्थिंग यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक असतो आणि केबलच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. पाइप बदलूनही पट्टे तसेच. चोर सोडून संन्याशाला सुळी.

चिमटा
थोडं अवांतर. स्विच बंद केल्यावरही एलईडी दिवा मिणमिणत राहतो, तो याच धारकासारख्या दुव्यामुळे का? आमच्या जिन्यातला दिवा रात्रभर मंद चमकतो. आजी म्हणते, झोपायचा दिवा फुकट मिळाला.

लहरी
चिमटा, बहुतेक वेळा हो. स्विचकडून दिव्याकडे जाणारी वायर पाइपात चालू फेजच्या सोबत लांबवर जाते. तिच्यात अगदी थोडा प्रवाह झिरपतो आणि एलईडीला तेवढा पुरतो. पण स्विच न्यूट्रलवर बसवलेला असेल तरी हेच दिसतं, आणि तो प्रकार धोक्याचा आहे, कारण स्विच बंद असूनही होल्डरमध्ये फेज राहते. आजींना दिवा आवडला तरी आधी स्विच फेजवरच आहे ना, हे तपासून घ्या.

याच कारणाने डिजिटल मल्टिमीटर कुठेही न जोडलेल्या वायरीवरही बऱ्यापैकी व्होल्टेज दाखवतो. त्याचा आतला रोध खूप मोठा असतो. खरं व्होल्टेज आहे की भुताचं, हे कमी रोधाच्या मीटरने किंवा छोटा दिवा जोडून कळतं. मात्र तपासून खात्री होईपर्यंत त्या वायरीला जिवंतच समजायचं.

दुहेरीगाठ
आपण सगळे १२ आणि २३० बद्दल बोलतोय. पण तीन फेजचं कनेक्शन असेल तर '२३०' आणि '२३०' एका बॉक्समध्ये आले तरी व्होल्टेज वेगळं होतं. दोन वेगळ्या फेजमध्ये २३० गुणिले वर्गमूळ ३, म्हणजे जवळपास ४०० व्होल्ट. स्विचबोर्ड उघडणाऱ्याला याची कल्पना नसते. एक एमसीबी पाडून तो निर्धास्त होतो आणि शेजारच्या वायरीत दुसरी फेज जिवंत असते. असे बॉक्स उघडल्याबरोबर दिसेल अशी सूचना आत चिकटवलेली असावी. मी प्रत्येक ठिकाणी आग्रहाने लावून घेते.

पानोपानी
नियमांबद्दल विचारणारं कोणीतरी येईलच, म्हणून आधीच लिहितो.

आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेत आणि तिच्यावर आधारलेल्या ब्रिटिश बीएस ७६७१ मध्ये व्होल्टेजचे दोन पट्टे मानतात. ढोबळमानाने ५० व्होल्ट एसी किंवा १२० व्होल्ट डीसीपर्यंतचं अति-कमी व्होल्टेज आणि दळणवळणाच्या वायरी पहिल्या पट्ट्यात, घरचा विद्युतपुरवठा दुसऱ्यात. दोन्ही एकत्र न्यायचे तर प्रत्येक केबल सर्वांत जास्त व्होल्टेजला पुरेशी इन्सुलेटेड हवी, नाहीतर मधे विभाजक किंवा वेगळा कप्पा हवा.

अमेरिकेची संहिता दोन पायऱ्यांत बोलते. साधारण शक्तीचे एसी-डीसी परिपथ (सर्किट) इन्सुलेशनच्या अटीवर एका पाइपात चालतात. पण बेल, थर्मोस्टॅट यांसारखे मर्यादित शक्तीचे परिपथ ती 'क्लास २' मध्ये टाकते आणि ते विजेच्या वायरींसोबत एका पाइपात घालायला मुळातच मनाई करते, मधे भिंत असेल तर गोष्ट वेगळी. कारण समजण्यासारखं आहे. क्लास २ च्या उपकरणांना संरक्षणाच्या सवलती दिल्यात त्या 'इथे मोठं व्होल्टेज कधी येणारच नाही' या भरवशावर.

शून्यप्रवाह
मग हे बघा. बेलच्या जोडीऐवजी १.५ चौ.मिमी.ची घरगुती वायरच वापरली, ४५०/७५० वाली, तर? अट पूर्ण. मोठी वायर असल्याने व्होल्टेजही कमी पडेल.

पक्कड
चांगला मुद्दा. आयईसीच्या अटीनुसार पाइपातला भाग सुटतो. व्होल्टेजचा हिशोबही बरोबर: १.५ चौ.मिमी. तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम. फाटक ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.७३ ओहम. एक अँपिअरला पाऊण व्होल्टच्या आत घट. बेलला चालेल.

पण दोन गोष्टी बघा. एक, दोन्ही टोकांना वेगळे बॉक्स घ्या. पाइपात इन्सुलेशन चांगलं आणि बॉक्समध्ये १२ ची उघडी टर्मिनलं २३० च्या टर्मिनलांना खेटून असं झालं तर केलेलं सगळं पाण्यात. दोन, रंग. लाल-काळी जोडी १२ व्होल्टला वापरली की पुढचा माणूस तिला फेज-न्यूट्रल समजून दिवा जोडेल. वेगळे रंग आणि दोन्ही टोकांना लेबल हवंच.

तारयात्री
काका, मला हे पटत नाही. बेलसाठी पळवाट काढली तरी कॅट ६ चं काय? ती ४५०/७५० ची कुठून आणणार?

पक्कड
कॅट ६ साठी पळवाट नाहीच. तिथे माझं तुमच्याशी एकमत आहे.

संगणकीकिडा
पण इथरनेटच्या पोर्टला आयईईई ८०२.३ या मानकाप्रमाणे १५०० व्होल्टचं विलगीकरण (आयसोलेशन) असतं ना? २३० आलं तरी काय फरक पडतो?

लहरी
ते विलगीकरण यंत्राच्या आत आहे, आतले भाग केबलपासून वेगळे ठेवायला. केबल, तिचा क्लिप, त्यातले सोनेरी उघडे संपर्क हे सगळं विलगीकरणाच्या बाहेर. क्लिप काढणारा हात तिथेच लागतो. पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या जोड्यांवर आधीच सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतं, त्यात अशी भर नको.

सूर्यकण
मधेच विचारते. छतावरच्या सोलर पॅनेलच्या डीसी वायरी एसीच्या पाइपातून आणल्या तर?

दुहेरीगाठ
अजिबात नको, ताई. पॅनेलच्या माळेचं व्होल्टेज काहीशेच्या घरात जातं, आणि डीसीची ठिणगी विझत नाही. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत ती संधीच नाही. शिवाय मेन बंद केलं तरी ऊन आहे तोवर त्या वायरी जिवंत. त्यांना स्वतंत्र, सोलरसाठीच बनवलेली केबल आणि स्वतंत्र पाइप.

तारयात्री
उष्णतेचं राहिलंय. दोन भरलेले परिपथ एका पाइपात आले की प्रत्येकाची प्रवाह वाहायची क्षमता सुमारे ०.८ पट धरतात, तीन आले की ०.७. इथे एक दिवा आणि एक बेल, म्हणजे फरक नगण्य. पण उद्या कोणी याच पाइपातून पंपाची वायर घेतली तर हिशोब नव्याने करावा लागेल. आणि पाइप लोखंडी असेल तर फेज आणि तिचा न्यूट्रल कायम एकाच पाइपातून न्या. एकटी फेज लोखंडातून नेली की दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करत नाहीत आणि पाइपच तापतो.

उंबरठा
एवढं वाचून आज फाटकाकडचा बॉक्स उघडला. झाकण काढलं तर तळाला पाणी. पाइपाच्या तोंडातून थेंब येत होता. दिव्याच्या वायरींवर हिरवट थर, आणि एका ठिकाणी जोड फक्त काळ्या टेपने गुंडाळलेला, टेप सुटून लोंबतेय. हा जोड आधीच्या माणसाने केलेला आहे. आता काय?

पक्कड
सगळ्यात आधी त्या दिव्याचा एमसीबी पाडा आणि पाडलेलाच ठेवा.

जमिनीखालचा पाइप आत कोरडा राहतो हा गैरसमज आहे. सांध्यांतून पाणी येतं, आणि गरम-थंड होताना आतल्या हवेतली वाफही थंड भिंतीवर जमते. म्हणून जमिनीखालच्या पाइपाची आतली बाजू ओलीच धरायची असते. साधी घरगुती पीव्हीसी वायर अशा कायमच्या ओलीसाठी नसते, तिथे आवरणाची, जमिनीखाली चालणारी केबल लागते. घरात वापरायची कॅट ६ सुद्धा तिथे टिकत नाही. पाणी आत शिरलं की जोड्यांचे गुणधर्म बदलतात आणि वेग कमी होत जातो. तेव्हा इंटरनेट खरंच बंद पडेल, फक्त भावाने सांगितलेल्या कारणाने नाही.

निळीज्योत
पाण्यात सुटलेली टेप आणि शेजारून बेलची पातळ जोडी. वाचूनच अंगावर काटा आला. बरं झालं ओढायच्या आधी विचारलंत.

लहरी
उंबरठा, फरशी न उचकटता एक मार्ग आहे. कॅमेऱ्यासाठी ऑप्टिकल फायबर घ्या, पण पूर्ण अधातू, म्हणजे आत पोलादी तार किंवा धातूचं चिलखत नसलेली. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे इन्सुलेशनचा मुद्दा उरत नाही आणि अडथळ्याचाही नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचे आणि विजेचे सिग्नल एकमेकांत बदलणारं यंत्र) लागेल. वीज पडली तर फाटकाकडून घराकडे उसळी यायला तांब्याची वाट नाही, हा वेगळा फायदा. बेलचं बटण बॅटरीवर चालणारं बिनतारी घ्या. सुंठीवाचून खोकला गेला.

पानोपानी
फायबरला दुजोरा, एक सावधगिरी: विजेच्या वायरींसोबत फायबर नेण्यावरही काही ठिकाणी अटी आहेत, स्थानिक नियम बघून घ्या. अधातू असणं ही अट जवळपास सगळीकडे.

तारयात्री
मी अजूनही म्हणेन, एकदाच फरशी काढा आणि शेजारी शेजारी दोन पाइप टाका, दुसऱ्यात ओढायची दोरी घालून ठेवा. पाच वर्षांनी फाटकाला मोटर बसवायची झाली तर तोच पाइप कामाला येईल.

उंबरठा
घरच्यांशी बोललो. ओला पाइप पाहिल्यावर सगळ्यांचंच मत बदललं, इलेक्ट्रिशियनचंही. जुना पाइप सोडून देतोय. एका बाजूची फरशी काढून दोन नवे पाइप: एकात दिव्याची जमिनीखालची केबल, दुसऱ्यात बाहेर वापरायची कॅट ६ आणि बेलची जोडी. कॅट ६ आणि १२ व्होल्ट एकत्र चालेल ना?

लहरी
चालेल, दोन्ही अति-कमी व्होल्टेजच्याच. बेल जुन्या पद्धतीची, आत कॉइल उघडझाप करणारी असेल तर ती बदलून इलेक्ट्रॉनिक घ्या. तिच्या संपर्कात दर वेळी ठिणगी पडते आणि तिचा गोंगाट शेजारच्या केबलला त्रास देऊ शकतो. आणि आता तांबं नेताच आहात तर कॅट ६ च्या घराकडच्या टोकाला सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या उसळीपासून वाचवणारं उपकरण) बसवा.

पक्कड
दोन्ही पाइपांमध्ये थोडं अंतर ठेवा, उतार बाहेरच्या बाजूला द्या म्हणजे पाणी घरात येणार नाही, आणि घराकडची तोंडं बंद करा. जोड पाइपात नकोत, बॉक्समध्येच. बुजवायच्या आधी मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) मारून घ्या.

उंबरठा
मेगर किती व्होल्टला? आणि कॅमेरा जोडलेला असताना चालेल का?

पक्कड
दिव्याच्या केबलला ५०० व्होल्ट, किमान १ मेगाओहम यायला हवा. नव्या केबलला त्याच्या कितीतरी पट जास्त येतो. १ च्या आसपास आला तर पुढे जाऊ नका, कारण शोधा. बेलच्या जोडीला २५० व्होल्ट, किमान ०.५. मोजताना एलईडी दिवा, ट्रान्सफॉर्मर, बटण सगळं काढून ठेवा. कॅट ६ ला मेगर लावू नका, तिचा वेगळा टेस्टर असतो. कॅमेरा सगळं मोजून झाल्यावरच जोडा.

तारयात्री
आणि बुजवायच्या आधी उघड्या चराचे फोटो काढा, बाजूला टेप धरून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे. एक प्रत मेन बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवा.